म्हाकू ढेबेच्या छातीतला आवाज

म्हाकू ढेबेच्या हृदयात कसलाही दोष नव्हता, आणि तो आहे असं ज्या दिवशी मी जाहीर केलं त्या दिवशीही मला हे पक्कं माहीत होतं.

लिहून झालं. वाटलं होतं त्यापेक्षा लहानच वाक्य निघालं. गेली सात-आठ वर्षं ते घशात अडकलेलं आहे. बायकोला सांगितलेलं नाही. तिनं दोन-तीनदा विचारलं, "अहो, तो डोलीतला धनगर येऊन गेला की तुमचं जेवण का जात नाही?" मी पित्त म्हणून सांगितलं. डॉक्टरला पित्त सांगायची सोय असते, कोण तपासणार?

संपादकांनी 'लष्करी डॉक्टरकीतल्या गमतीजमती' मागितल्या आहेत. गमती आहेत, आणि त्या सांगणारही आहे, कारण ही हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत हसण्यासारखीच आहे. कुणी हसलं म्हणून माझी तक्रार नाही. मीच काय तो अजून हसलेलो नाही.

आधी राखीव डॉक्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण भोरातसुद्धा पुष्कळांना वाटतं की मी जन्मापासून कर्नल आहे. घरात पाहुण्यांसाठी चांगल्या पेल्यांचा एक संच फडताळात वर ठेवलेला असतो ना, तसा राखीव डॉक्टर. एरवी मी भोरला आपल्या दवाखान्यात खोकला, खरूज, विंचू आणि बाळंतपणं बघत असे. वर्षातून काही आठवडे पुण्याच्या छावणीत जायचं, खाकी चढवायची, पाय आपटून चालायला आणि सलाम ठोकायला शिकायचं, आणि परत येऊन पुन्हा खरूज. पहिल्या वर्षी छावणीतून परतलो त्या सकाळी एका म्हाताऱ्यानं दवाखान्याच्या दारात रामराम केला, तर मी खाडकन टाचा जुळवून सलाम ठोकला. बिचारा पाठीवरचं गळू दाखवायला आला होता. न दाखवताच गेला.

मग लढाई पेटली आणि फडताळातले पेले खाली आले. मला कॅप्टन केलं आणि मुलूख ओळखीचा म्हणून भोर, नसरापूर, वेल्हे या बाजूच्या भरतीची तपासणी माझ्याकडे दिली.

ही तपासणी बाहेरून फार शास्त्रीय दिसते. उंची, वजन, छातीचा घेर, डोळे, दात, तळपाय. मग खोकायला लावून आतडं उतरतं का ते बघायचं, आणि शेवटी छातीला नळी लावून हृदय ऐकायचं. प्रत्यक्षात ती दोन बेरकी पक्षांमधली कुस्ती असते. ज्याला जायचं असतं तो दोष लपवतो, ज्याला घरच्यांनी ढकललेलं असतं तो नसलेला दाखवतो, आणि डॉक्टरला दोघांच्या मधून वाट काढायची असते.

कामथडीचा एक गडी वजनात कमी भरेल या भीतीनं फेट्यात नदीतले दोन गोटे बांधून आला होता. फेटा काढ म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सायेब, बाप गेल्यापासनं चार मान्सांत बोडक्यानं उभा ऱ्हायलो न्हाई." मीही हळवा झालो आणि फेट्यासकट तोलला. वजन उत्तम भरलं. मग उंची मोजताना त्यानं मान खाली घातली आणि एक गोटा आमच्या कंपाउंडरच्या पायावर पडला. कंपाउंडर आठ दिवस लंगडत होता. गड्याला मी घेतला. वजन काय, लष्कराच्या जेवणावर वाढतं. एवढं डोकं वाढत नाही.

दुसऱ्या एकाला म्हटलं, मोठा श्वास घे. त्यानं घेतला. मी टेप वाचली, आकडा लिहिला, पुढच्याला हाक मारली. मागे धप्पकन आवाज झाला. बघतो तर हा निळा होऊन आडवा. पाणी मारून उठवला, म्हटलं, "अरे, सोडायचा ना श्वास!"

"तुमी सोड म्हनला न्हाई," तो म्हणाला.

हुकूम पाळणारा असा शिपाई मला पुढे सगळ्या लढाईत भेटला नाही.

तर या डोंगरातली माणसं दातांवर नापास व्हायची, डोळ्यांवर व्हायची, कधी तळपायांवर. हृदयावर मात्र एकही नाही. जन्मापासून चढउतार केलेल्या छात्या त्या. माझ्या याद्या तशाच वर जात होत्या. आणि एके दिवशी वरच्या कचेरीतून आमच्या कर्नलसाहेबांचं पत्र आलं. गोरा गृहस्थ, उंच, अंगानं शिडशिडीत, बोलणं कमी. पत्रात लिहिलं होतं: 'तुमच्या यादीत हृदयदोषाचा एकही मनुष्य नाही. एक तर तुमचे डोंगर अजब आहेत, नाहीतर तुमचे कान. येत्या बाजाराच्या दिवशी मी वेल्ह्यास येऊन स्वतः पाहीन.'

खरं तर उत्तर सोपं होतं. डोंगर अजब आहेत, एवढं लिहायचं. पण त्याच सुमारास माझं नाव मेजरच्या जागेसाठी गेलं होतं, आणि मला मेजर व्हायचं होतं. इथे मी पुष्कळ कारणं लिहून खोडली. खरं कारण एवढंच आहे. मला परत खरूज नको होती.

वेल्ह्याला आमची तपासणी शाळेत व्हायची. शाळेच्या ओट्यासमोरच जनावरांचा बाजार भरायचा, त्यामुळे बघ्यांची कमी नसे. त्यांतला कायमचा बघ्या म्हणजे कोंडिबा. वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातला, साठीचा, खांद्यावर घोंगडी, आणि त्या बाजारातला नावाजलेला पारखी. पारखी म्हणजे कोण हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. जनावराचा सौदा ठरला की घेणारा आणि देणारा दोघं मिळून एका जाणत्याला बोलावतात. तो दात बघतो, खूर बघतो, शेपटी पिरगाळतो, चालवून बघतो, आणि चार माणसांत मोठ्यानं सांगतो: बेखोड, नाहीतर खोड आहे. एकदा पारख्यानं 'खोड' म्हटलं की संपलं. ते जनावर त्या पंचक्रोशीत कुणी दारात बांधत नाही. मालकानं दुसऱ्या बाजाराला नेलं तरी शब्द त्याच्या आधी तिथे पोचलेला असतो.

कोंडिबाला आमच्या कामाची फार मौज वाटे. ओट्यावर बसून तो टोमणे मारी.

"डाक्टर, आपला धंदा येकच की. म्या दात बगतो, तुमी बी दात बगताय. म्या खूर बगतो, तुमी तळवं बगताय. शेपटी तेवडी पिरगाळायची ऱ्हाइली तुमची."

"तीही पिरगाळतो मामा," मी म्हणायचो, "फक्त ती नंतर, सुभेदार पिरगाळतो."

त्या दिवशी मात्र कर्नलसाहेब हाताची घडी घालून खोलीत उभे होते आणि मला विनोद सुचत नव्हता. पहिले दोघं बेखोड निघाले. साहेबांनी भुवई उचलली. तिसरा आत आला तो दारात वाकून. हा म्हाकू ढेबे, कोंडिबाचा सख्खा भाचा. गुंजवण्याच्या वरच्या त्याच वाड्यावर म्हशी राखायचा. बाजारालाच यायचं म्हणून येताना पाय मोडलेलं रेडकू खांद्यावर टाकून उतरला होता. ते बाहेर लिंबाला बांधून आत आला. धाप कसली ती नाही. कंपाउंडरनं छातीचा घेर मोजला, आकडा बघितला, आणि टेपच चुकली समजून पुन्हा मोजला.

"सायेब," म्हाकू मला हळूच म्हणाला, "समिंदर दिसंल न्हवं? राजगडावर चडून लई येळा बगितलं. धुकंच आडवं येतंय."

"दिसेल की," मी म्हणालो.

"मग झालं. भागाला सांगून आलोय. बूट घालूनच मांडवात येनार म्हनलं." भागा ही पालीची मुलगी. सुपारी फुटलेली होती.

मी त्याच्या छातीला नळी लावली. आयुष्यात मी हजारो छात्या ऐकल्या असतील. इतकं स्वच्छ हृदय त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. चांगल्या सुताराचा ठोका असतो ना, जास्त नाही, कमी नाही, तसं. मी ऐकत राहिलो, नको तेवढा वेळ ऐकत राहिलो, आणि पाठीमागून साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "काय कॅप्टन? काही सापडलं?"

माझ्या तोंडून निघालं, "सर, मर्मर आहे. फार बारीक."

मर्मर म्हणजे हृदयातली झडप नीट मिटत नसेल तर येणारा सुस्कारा. मोटेला भोक पडलं की पाणी चुळचुळतं, तसा. तो माझ्या कानात नव्हता. तो माझ्या तोंडातच होता.

मला वाटलं, आता साहेब स्वतः ऐकतील, मला ओरडतील, आणि संपेल एकदाचं. साहेबांनी नळी घेतली. वाकले. डोळे मिटले. इतका वेळ ऐकलं की म्हाकूनं काळजीनं माझ्याकडे बघितलं. मग साहेब ताठ उभे राहिले, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हं. आहे. फारच बारीक. मीसुद्धा चुकलो असतो. कान उत्तम आहेत तुमचे."

त्या क्षणी मला कळलं की साहेबांनाही काही ऐकू आलेलं नाही. आणि हेही कळलं की आता हे आम्हा दोघांपैकी कुणालाच कधी म्हणता येणार नाही.

नियम असा होता की निकालाची यादी कंपाउंडरनं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचायची. त्यानं वाचली. भरल्या बाजारात, जनावरं आणि माणसं यांच्यापुढे: "म्हाकू ढेबे. नापास. हृदय!"

कोंडिबा उठून उभा राहिला. "काय निगालं?"

"छातीत दोष आहे," मी म्हणालो.

"खोड?"

मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही, पण होकारार्थीच हलली असणार.

म्हाकूनं सदरा घातला. म्हणाला, "सायेब, मला तर कायबी दुकत न्हाई."

"दुखत नाही, तेच वाईट," मी म्हणालो. वैद्यकात एखादं वाक्य असं असतं की ते कुठेही लागू पडतं.

"मग म्या करू काय?"

आता आम्ही डॉक्टर लोक जे पाठ केलेलं सांगतो ते मी सांगितलं. चढ चढू नकोस, ओझं उचलू नकोस, धावू नकोस, रागावू नकोस, दचकू नकोस. डोंगरावर राहून म्हशी राखणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला भिजू नकोस म्हणण्यासारखं आहे हे मला बोलतानाच समजत होतं. तो प्रत्येक वाक्याला मान हलवून "व्हय जी" म्हणत होता. मग तो बाहेर लिंबाखाली गेला, रेडकाकडे बघितलं, खाली वाकला, थांबला, आणि मामाला म्हणाला, "मामा, ह्ये तुमी उचला."

त्या दुपारी म्हाकूला वाड्यावर उचलून नेलं. सकाळी रेडकू घेऊन उतरलेला माणूस संध्याकाळी झोळीत बसून वर गेला, आणि रेडकू दुसऱ्याच्या खांद्यावरून.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कर्नलसाहेबांनी पुण्यात आपल्या बरोबरीच्यांना सांगितलं की भोरच्या एका कॅप्टननं असा मर्मर पकडला जो खुद्द साहेबांच्याही कानातून सुटला असता. झालं. नव्या डॉक्टरांना शिकवायला तो मर्मर पाहिजे असं ठरलं. वर्षात तीनदा लष्करी मोटार गुंजवण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकी गेली आणि म्हाकूला घेऊन पुण्याला आली. तो उघडा बसायचा आणि वीस-पंचवीस डॉक्टर ओळीनं नळी लावायचे. सगळ्यांना ऐकू यायचं. एकानं तर आपल्या वहीत त्या आवाजाचं चित्रही काढलं. कुणाला डावीकडे जास्त ऐकू यायचं, कुणाला खाली. त्यावरून दोन कॅप्टन एकमेकांशी बोलेनासे झाले.

फक्त एक तरुण लेफ्टनंट नळी काढून म्हणाला, "सर, मला हे हृदय नॉर्मल वाटतं."

सगळे त्याच्याकडे वळले. मी म्हणालो, "पुन्हा ऐका." त्यानं पुन्हा ऐकलं. बावीस डॉक्टर त्याच्याकडे बघत होते. तो लाल झाला आणि म्हणाला, "हो, आता येतंय, सर." मी त्याच्या अहवालात लिहिलं, 'कानास सरावाची गरज.' तो गृहस्थ आज कुठे असेल ठाऊक नाही. त्या खोलीत डॉक्टर एकटा तोच होता.

मी मेजर झालो. शिफारशीत 'असामान्य श्रवणशक्ती' असे शब्द होते.

पुढची दोन वर्षं इराकच्या वाळूत, एका तंबूंच्या इस्पितळात गेली. तिथलं लिहिण्यासारखं फार नाही; माश्या होत्या, उन्हाळा होता, आणि आजारी माणसं होती. तिथे खरे मर्मर ऐकले. पण एखादा धडधाकट शिपाई पुढे आला, छातीला नळी लावली आणि तो स्वच्छ ठोका कानात आला, की मला वेल्ह्याची शाळा दिसायची. माझी पंचाईत अशी झाली होती की आजारी माणसापेक्षा निरोगी माणूस तपासायला मला भीती वाटायची. लढाईच्या शेवटी मला लेफ्टनंट कर्नल करून एका मोठ्या इस्पितळाचा मुख्य केलं. मुख्याला कुणाची छाती ऐकावी लागत नाही. मला बरं वाटलं.

लढाई संपली, पेले पुन्हा फडताळात गेले, मी भोरला परतलो. दसरा झाला आणि दवाखान्यापुढे डोली थांबली. चार गडी, डोलीत म्हाकू, हातात लोण्याचं मडकं. मी परदेशी असतानाची दोन वर्षं सोडली तर दर दसऱ्यानंतर तो असाच यायचा.

"तुमच्यामुळं जित्ता हाय," तो म्हणायचा. "तुमी वळकलं म्हनून."

मी नळी लावायचो. ठोका तोच. "तसंच आहे," मी म्हणायचो. "जप."

त्याचं काय झालं ते मला त्या गड्यांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. म्हाकू वाड्यावर एका ओट्यावर बसून असतो. म्हशी त्याच्या ओळखीच्या, दुसऱ्याला पान्हा सोडीनात, म्हणून त्यांना एकेक करून त्याच्यापुढे आणून उभं करावं लागतं. त्यानं दचकू नये म्हणून वाड्यात ढोल वाजत नाही. लग्न असलं की वाजंत्री ओढ्यापलीकडे उभे राहून वाजवतात आणि नवरदेव अलीकडे अंदाजानं नाचतो. त्यानं रागावू नये म्हणून त्याच्यासमोर कुणी भांडत नाही. उलट, भांडण झालं की दोन्ही पक्ष त्याच्यापुढे येऊन बसतात, कारण तिथे आवाज चढवता येत नाही. त्यामुळे त्या बाजूचे सगळे तंटे आता तोच मिटवतो. माझा तो नापासाचा कागद काचेत घालून देवाच्या शेजारी लावलेला आहे.

हे सगळं सांगताना ते गडी हसायचे, म्हाकूही हसायचा, आणि मीही ओठ फाकवायचो. मग एकदा मी विचारलं, "आणि भागा?"

"तिला कामथडीला दिली," म्हाकू म्हणाला. "बापानं सुपारी माघारी धाडली. बरुबर हाय त्याचं. खोडीला कोन पोरगी देईल?" आणि लगेच, "लोनी ताजं हाय, सायेब. आजच खावा."

त्या दिवशीचं ते पित्त.

गेल्या वैशाखात मी ठरवलं की वर जायचं आणि सांगून टाकायचं. एकटा गेलो. पालीपर्यंत वाहनानं, पुढे पायी. पन्नाशीतला माणूस, पोट सुटलेलं. त्या चढावर माझंच हृदय दोनदा बंद पडायच्या बेताला आलं. वाड्यावर पोचलो तेव्हा बोलायला श्वास नव्हता. सगळा वाडा गोळा झाला. इतक्या वर्षांत डॉक्टर स्वतः वर आलेला कुणी पाहिला नव्हता. म्हाकू ओट्यावर होता, अंगानं सुटलेला, केस पांढरे व्हायला लागलेले. त्याची आई पाणी घेऊन आली. म्हातारी, हाडकुळी, पण डोळे तेज.

मी पाणी प्यालो, त्याच्याजवळ बसलो, आणि म्हणालो, "म्हाकू, तुला सांगायला आलोय. तुझं हृदय चांगलं आहे. तुला काहीही झालेलं नाही. चढ, उतर, ओझं उचल, पाहिजे ते कर."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मग म्हातारीनं कपाळावर हात मारून असा हंबरडा फोडला की समोरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"म्हाकूऽऽ माज्या वाघा!"

मला काही कळेना. बायका डोळ्यांना पदर लावून रडायला लागल्या. एक गडी घोंगडी झटकून पायात वहाणा घालू लागला.

"कुठं निघालास?" मी विचारलं.

"पालीच्या मावशीला सांगतो. मंग खाली भैनीला." त्यानं आवाज खाली आणला. "किती दिस हाईत सायेब? सांजपत्तूर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टर स्वतः डोंगर चढून येतो, धापा टाकत येतो, जवळ बसतो आणि म्हणतो, तुला काही झालेलं नाही, पाहिजे ते कर. असं डॉक्टर कुणाला सांगतो? मी स्वतः आयुष्यात हे वाक्य कुणाला सांगत आलो होतो? ज्यांच्यासाठी काही उरलेलं नसायचं त्यांनाच.

"अरे, खरंच सांगतो!" मी ओरडलो. "दोष नाही! कधीच नव्हता!"

"व्हय, व्हय," म्हाकू मलाच धीर देत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात माझ्या गुडघ्यावर होता. "तुमी नगा तरास करून घ्यू. तुमी लई केलं माज्यासाटी." मग आईला म्हणाला, "आये, समिंदराचं तेवडं ऱ्हाइलं बग."

आणि त्याला खरोखर धाप लागली. घाम आला. सात वर्षं बसून काढलेला माणूस तो, भीतीनं त्याचा श्वास कोंडू लागला. मी नाडी धरली, ती उधळली होती. माझ्या खरं बोलण्यानं तो माझ्यासमोर मरणार असं दिसू लागलं.

मग मी काय केलं? नळी काढली, छातीला लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठ्यानं म्हणालो, "थांबा रे! थांबा! आहे. दोष आहे. जुनाच आहे, तेवढाच आहे. माझीच ऐकण्यात गफलत झाली."

सगळा वाडा एकदम हसला. म्हातारीनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मावशीकडे निघालेल्या गड्यानं वहाणा काढल्या. म्हाकूची नाडी पाच मिनिटांत ताळ्यावर आली. मला ताक दिलं, वर लोण्याचा गोळा. इतकं आनंदी गाव मी पाहिलेलं नाही.

खाली उतरताना कोंडिबा सोबत आला. आता तो पार वाकला आहे, पण उतारावर माझ्यापुढेच होता. ओढ्यापाशी थांबला. म्हणाला, "डाक्टर, येक इचारू?"

"विचार ना मामा."

"त्या दिशी खोड न्हवती. व्हय ना?"

मी वाकून बुटाचा बंद बांधू लागलो.

"म्या त्याच येळी वळकलं व्हतं," तो म्हणाला. "खोडीचं जनावर बगून पारखी त्याच्या डोळ्यांत बगतो. तुमी जिमिनीकडं बगत व्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलनार व्हतो, तर रातच्याला वाड्यावर बहीन आडवी आली, म्हाकूची आय. म्हनली, दादा, ऱ्हाऊ दे खोड. लडाई चालू हाय, खोडीचं पोर घरात ऱ्हातंय. खोड खोड म्हनता म्हनता आता तिला बी ती खरीच वाटती. पाप आमचं बी हाय त्यात. पर आता लडाई सरली." त्यानं तंबाखूची चिमूट मळली. "तुमी आज वर येऊन सांगितलं, त्येचा काय उपेग? पारख चुकली तर काय करायचं असतंय ठावं हाय?"

"नाही."

"ज्या बाजारात खोड म्हनली, त्याच बाजारात, त्याच जाग्याला, भरल्या मान्सांत जायाचं. जनावराचं दावं आपल्या हातानं धरायचं. सगळ्या बाजारातनं फिरवायचं अन् वरडून सांगायचं, खोड ह्येच्यात न्हवती, माज्या नजरंत व्हती. तवा ती जनावरावरनं उतरती. घरात येऊन कानात सांगितली तर उतरत न्हाई."

"आणि पारख्याचं काय होतं?"

"व्हतंय काय! लोक हासत्यात. मला तीन वर्सं कुनी दात बगाया बोलावलं न्हाई."

"म्हणजे तुम्ही केलंय हे?"

"नजर दोनदा चुकली. येकदा केलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

कोंडिबानं तंबाखू तोंडात टाकली. "आज करू, उंद्या करू म्हनत ऱ्हायलो. बैल म्हातारा झाला अन् गेला." मग तो वळला आणि चढायला लागला.

त्यानंतर वेल्ह्याचे कितीतरी बाजार झाले. मी दर आठवड्याला बूट चढवतो आणि दर आठवड्याला कुणाला तरी ताप निघतो. भोरात मला लोक 'कर्नल डॉक्टर' म्हणतात. लांबून लांबून माणसं येतात, मोठ्या डॉक्टरांना न सापडलेलं मला ऐकू येतं म्हणून. त्या माणसांना वेल्ह्याच्या बाजारातली बातमी कळायला दोन दिवससुद्धा लागणार नाहीत. तेवढ्यासाठी मी थांबलो आहे, दुसरं काही नाही.

हे छापून आलं म्हणजे मी मोकळा झालो असं कुणी समजू नये. म्हाकूला वाचता येत नाही, आणि हा अंक त्या डोंगरावर कुणी नेणार नाही. गेल्या दसऱ्याला तो आला तेव्हा डोलीतून उतरून माझ्या तीन पायऱ्या चढतानाच त्याला धाप लागली. ती धाप आता खरी आहे.

वेल्ह्याच्या शाळेच्या ओट्यासमोर, बाजार भरलेला असताना, म्हाकू ढेबेचा हात माझ्या हातात धरून मला त्या बाजारातून चालायचं आहे, आणि खोड त्याच्यात नव्हती, माझ्यात होती, हे ओरडून सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.